मचाणावरून आईला

भंडारा, पौर्णिमेच्या आदल्या रात्री

आई,

नागपूरहून दीड-दोन तासांत पोहोचलो. ऊन असं की बसच्या खिडकीच्या दांडीला हात लावला तर चटका बसत होता. तुझा नातू फुगून बसलाय. झाडावरची सहल म्हटल्यावर त्याला वाटलं, कमरेला पट्टा बांधून तारेवरून या झाडावरून त्या झाडावर झुलायचं. इथे झाडावर चढून रात्रभर गप्प बसायचं, हे त्याला आज कळलं. "मावशीने फसवलं" असं धाकटीला, म्हणजे त्याच्या आईला, सांगून झालंय.

उद्या कोक्याला जायचं. तुझ्या कपाटात माडगूळकरांचं 'नागझिरा' आहे ना, त्याच रानाचा हा शेजार. ते तिथे जाऊन राहिले तेव्हा नागझिरा भंडाऱ्यातच होतं. 1999 मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला. कोका 2013 मध्ये अभयारण्य झालं आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात गेलं.

एक वाईट बातमी. मचाणावर भडक कपडे नकोत, अत्तर नको, उग्र वासाचं खाणं नको. म्हणजे तुझी लसणाची चटणी खोलीवरच राहणार.

कोका, सकाळी नऊ

आई, कमरेचा काटा ढिला झालाय, पण आधी लिहिते, मग झोपते.

काल दुपारी चारलाच वर चढवलं. एका मचाणावर मी आणि तुझा नातू, सोबत गावातलाच गाईड. हे आणि धाकटी दुसऱ्या पाणवठ्यावर. एकदा शिडी चढलं की सकाळपर्यंत उतरायचं नाही, म्हणून दुपारपासून मी घोट-घोट मोजूनच पाणी प्यायले होते. तू हसशील, पण रात्रभर वाघापेक्षा तीच धास्ती जास्त होती.

पाणवठा म्हणजे सिमेंटची बशीच. सोलर पंपाने बोअरचं पाणी त्यात येतं. वैशाखात नाले आटतात, मग जनावराला इथेच यावं लागतं, आणि पौर्णिमेच्या उजेडात ते दिसतं. पूर्वी याच रात्री असं बसून जनावरं मोजायचे. पण एकच सांबर दोन पाणवठ्यांवर जाऊन आलं तर दोन धरलं जायचं. आता वाघाची मोजदाद कॅमेरे लावून होते आणि ही रात्र आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी उरलीय.

संध्याकाळभर मोर, लंगूर, दोन चितळ. सात वाजता नातवाने हळूच विचारलं, "बस, एवढंच?" गाईड म्हणाला, "थांबा जी, अजून रात्र पडली नाही."

चंद्र वर आला तसं रान पार बदललं. सागाची पानं गळलेली, त्यामुळे फांद्यांच्या सावल्या जमिनीवर जाळ्यासारख्या पसरल्या. रातवा एकाच सुरात टकटक करत राहिला. मधेच वाळकी पानं वाजली की तिघांच्याही माना एकदम वळायच्या. तीनदा वळल्या, तिन्ही वेळा काहीच नाही. मला डुलकी लागली असावी, कारण मनगटावर कुणाची तरी घट्ट पकड बसली तेव्हा दचकले. नातू होता. खाली कुणीतरी घशातून ओढून घेतल्यासारखं मोठ्याने पाणी पीत होतं.

अस्वल. आणि पाठीवर दोन पिल्लं! मानेच्या केसांत पंजे रुतवून बसलेली. अस्वलीण प्यायला वाकली तसं पुढचं घसरलं, तोंडावर पाण्यात पडलं, फुरफुरत बाहेर आलं आणि परत चढेना. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि थांबली. घाई नाही, ओरडा नाही. ते दोनदा चढलं, दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा बसलं. मग ती निघाली. तुझ्या नातवाने फोनला हातही लावला नाही. फोन बॅगेत आहे हे त्याला सकाळी आठवलं.

पहाटे लांबवर सांबर ओरडलं, वाघाची चाहूल लागल्यासारखं. गाईडने बोट वर केलं. वाघ मात्र पाण्यावर आला नाही.

ह्यांना आणि धाकटीला रात्रभरात चार रानडुकरं. दोघेही अस्वलावर विश्वास ठेवायला तयार नाहीत.

भंडारा, परतीच्या दिवशी

घाईत चार ओळी. येताना रस्त्याला बायका तेंदूपत्त्याचे भारे डोक्यावर घेऊन रानातून बाहेर येताना दिसल्या. एकेक पान निवडून सत्तर पानांचा पुडा बांधायचा. आम्ही ज्या रानात पैसे भरून एक रात्र बसलो, तशाच रानात या रोज पहाटे पायी जातात, अस्वल असलं तरी.

चटणी खोलीवर सापडली, शाबूत आहे. आणि तुझ्या गुडघ्यांचं म्हणशील तर शिडी सरळ आहे, धरायला कठडा आहे. पुढच्या वैशाखात यायचं असेल तर आत्ताच सांग, मचाणांचं बुकिंग लवकर भरतं.

तुझी,
ताई