आजीची वाकळ

निलंगा म्हटलं की पुण्यातल्या लोकांना निलंगा राइस आठवतो. मला वाकळ आठवते. (इकडे तिला गोधडी म्हणतात. आमच्याकडे वाकळच.)

दिवाळीच्या सुटीत माहेरी गेले होते. आजीची वाकळ या वेळी दुरुस्त करायचीच, असं कधीपासून मनात होतं. आजीला जाऊन चार वर्षं झाली. वाकळ वरून पार विरलेली, एका बाजूने तर चिंध्याच लोंबत होत्या. आई म्हणाली, "त्या जुन्याच्या मागं कशाला लागलीस? नवी शिव की."

नवी कशी शिवू? ही वाकळ भूकंपाच्या वर्षातली.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपलेली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची जड माळवदं. ती झोपेतल्या माणसांवर आली, हजारो माणसं गेली. मी तेव्हा आठ वर्षांची. आमच्या भिंतीला नुसत्या भेगा पडल्या, पण नंतर कित्येक महिने घरात झोपायची कुणाची हिंमत होईना. अंगणात पत्र्याचा आडोसा केला होता. त्या थंडीत आजीने ही वाकळ शिवली.

तिची शिवण्याची पद्धत अजून डोळ्यांपुढे आहे. जुनी लुगडी, आजोबांची धोतरं एकावर एक अंथरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि स्वतः मधे बसायचं. कापूस वगैरे काही नाही. शिवण कडेने सुरू करायची आणि चौकोन लहान लहान करत मधे यायचं. धावदोराच, पण टाका ज्वारीच्या दाण्याएवढा हवा. माझा टाका मोठा पडला की ती काही न बोलता उसवायची. त्याचा मला फार राग यायचा :)

तर, परवा मी वरचा थर उसवायला घेतला. लेक शेजारी कात्री घेऊन. तिला उरलेल्या तुकड्यांची पिशवी करायची होती. दोन थर निघाले आणि आत हिरवं इरकल दिसलं. लाल पदरासकट, अख्खं. वाकळीत कुणी अख्खं लुगडं घालत नाही, धड भाग आधी दुसऱ्या कामाला काढून घेतात. आणि हे तर विरलेलंही नव्हतं. आजीच्या अंगावर हिरवं इरकल मी कधी पाहिलेलं आठवेना.

आईला हाक मारली. ती बघत राहिली. मग खाली बसली.

"तुज्या आजीच्या थोरल्या बहिणीचं हाय ते. ढिगाऱ्यातून सामान काढलं, त्यात सापडलेलं."

ही मावशीआजी किल्लारीजवळच्या खेड्यात दिलेली होती. ती भूकंपात गेली, एवढंच मला माहीत होतं. तिचं लुगडं घरात आलंय, हे आईशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आजीने ते नेसलं नाही, कुणाला दिलं नाही. आणि मी या वाकळीत बारावीपर्यंत झोपलेय! आजी कधी बोलली नाही. आम्हीही कधी विचारलं नाही म्हणा.

लेकीने कात्री आपणहून बाजूला ठेवली.

मला उगीचच अपराधी वाटायला लागलं. जे आजीने आत झाकून ठेवलं, ते मी उघडं पाडलं. परत शिवून टाकावं का? की हे लुगडं काढून वेगळं ठेवावं? भाऊ म्हणाला, "फोटो फ्रेम करतात तसं फ्रेम कर." त्याला आम्ही गप्प बसवलं.

शेवटी ट्रंकेतून आजीचंच चॉकलेटी लुगडं काढलं, तिचं रोजचं. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. तेच वरून अंथरलं. हिरवं होतं तिथेच राहिलं. कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि बसलो. मशीनवर तासाभरात झालं असतं, पण आईनेच नको म्हटलं. 'नवी शिव' म्हणणारी आई!

तीन दिवसांत निम्मीच झाली. सुटी संपली. सुई तशीच टोचून, वाकळ घडी करून आले.

काल आईचा फोन होता. तिने तीन ओळी घातल्यात, आणि लेकीचे टाके लांब पडले होते म्हणून उसवलेत.

लेक सकाळपासून फुगून बसलीय.