पालकांची सही

बँकेत परिपत्रक आलं की ते वाचायचं नसतं, त्यावर सही करायची असते. बावीस वर्षांच्या नोकरीत हे तत्त्व मी इतक्या निष्ठेनं पाळलंय की सही करताना कागद सुलटा आहे की उलटा, एवढंच मी पाहतो. त्यामुळे जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आमच्या धाकटीनं दप्तरातून एक झेरॉक्स कागद काढला, माझ्यापुढे धरला आणि "बाबा, इथं," म्हणून बोट ठेवलं, तेव्हा मी 'इथं' सही केली. कागदाच्या डोक्यावर 'वाचन तासिका : अपेक्षा व कार्यपद्धती, इयत्ता सातवी' असं लिहिलं होतं, हे मला सप्टेंबरात कळलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

अपेक्षा एकूण बारा होत्या. आठवड्याला एक पुस्तक. घरी रोज अर्धा तास वाचन, तेही टीव्ही बंद ठेवून. (हे कलम आमच्या हिनं मात्र वाचलं होतं. "शाळा तिची आहे की आपली?" एवढंच ती म्हणाली.) महिन्यातून एकदा वर्गापुढे उभं राहून प्रकट वाचन, त्यात आवाजाला, उच्चाराला आणि स्वल्पविरामाशी थांबण्याला निरनिराळे गुण. आणि एक नोंदवही. तिला आठ रकाने : दिनांक, पुस्तकाचं नाव, लेखक, वाचलेली पानं, पाच नवे शब्द, आवडलेला प्रसंग, बोध आणि पालकांची सही.

रकाने म्हटले की मी हळवा होतो. बँकेतली लेजरं गेली, संगणक आले, पण अजूनही आखलेला कागद पाहिला की माझा हात खिशातल्या पेनाकडे जातो. तरीपण त्या 'बोध' नावाच्या रकान्याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. धाकटीनं भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं एक पुस्तक एका दुपारीत संपवलं, जेवायलासुद्धा उठली नाही, आणि बोधापुढे लिहिलं : 'सायकलची हवा वेळेवर तपासावी.' बाईंनी बरोबरची खूण केली. बाईंचं तरी काय चुकलं? वर्गात बावन्न मुलं, म्हणजे आठवड्याला बावन्न बोध. इतके बोध गौतम बुद्धालाही झाले नसतील.

मी शाळेला नावं ठेवत नाही. २०१० साली आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि सातवीला शंभरातले चाळीस गुण 'आकारिक'चे झाले. म्हणजे तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय आणि बाईंनी येता-जाता केलेलं निरीक्षण. आता मूल वाचतंय की नाही, याचं निरीक्षण करायचं कसं? पुस्तकापुढे बसलेला माणूस वाचतोय की डोळे उघडे ठेवून झोपलाय, हे बाहेरून कळत नाही. आमच्या कॅशियरच्या बाबतीतही कळत नाही. मग पुरावा हवा. व्हाउचर नसेल तर व्यवहार झाला असं मानायचं कसं? १५ ऑक्टोबरला, कलामसाहेबांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन असतो. त्याचेही फोटो काढून वर पाठवावे लागतात. २०२४ साली राज्यभर महावाचन उत्सव झाला, तेव्हा त्याचे सदिच्छादूत साक्षात अमिताभ बच्चन होते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनाही टीव्हीवर तेच देतात, त्यामुळे आमच्या लेखी ते जवळजवळ गव्हर्नरच. ते 'वाचा' म्हणाल्यावर वाचायला हवं होतं. पण उत्सव मुलांसाठी होता, या कलमाखाली मी सुटलो.

आमच्या वेळी असं काही नव्हतं. साताऱ्यात मी सातवीत होतो तेव्हा वाचनाचा तास म्हणजे पहिल्या बाकापासून एकेकानं उभं राहायचं, बालभारतीच्या पुस्तकातला एकेक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी ओळीवर बोट ठेवायचं. गुरुजी मधेच "पुढे!" म्हणून भलत्याच पोराकडे बघायचे. त्याचं बोट चुकलं असेल तर छडी. मी तेव्हा वाचताना अडखळायचो. 'क्ष' आणि 'ज्ञ' लांबून येताना दिसले तरी मला घाम फुटायचा. त्यावर मी तोड काढली होती. आपल्यापुढे मुलं किती, धड्यातले परिच्छेद किती, याचा हिशेब मांडायचा. आपल्या वाट्याचा परिच्छेद आधीच शोधायचा आणि बाकीचा वर्ग काय वाचतोय तिकडे कान न देता तेवढाच मनात घोकत बसायचा. एखादं कार्टं गैरहजर असलं की ताळेबंद चुकायचा आणि परिच्छेद सरकायचा. पुढे मी वाणिज्य शाखेला गेलो त्याचं मूळ इथं आहे. साताऱ्याच्या नगर वाचनालयात पुस्तकांनी भरलेली कपाटं होती. मी तिथं पंख्याखाली बसून हिशेबाची उदाहरणं सोडवायचो.

बी. कॉम.ला असताना एका स्पर्धेत मला एकच बक्षीस मिळालं : व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. शिक्क्यासकट ते मी जपून ठेवलं. उघडलं मात्र नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेली आणि आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत शिरली. खालची पुस्तकं गेली. हे एक माळ्यावरच्या ट्रंकेत होतं म्हणून वाचलं. 'पुस्तक वाचलं' हे वाक्य आमच्या घरात मी तेवढं एकदाच, आणि तेही त्या अर्थानं, उच्चारलंय.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील. सातवी पास, त्या काळच्या भाषेत 'फायनल' झालेले. सगळा जन्म एस. टी.त कंडक्टर म्हणून काढला. आता साताऱ्यात थोरल्या भावाकडे असतात. गेली तीन वर्षं त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला दुखणं आहे. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. पेपर गेला, पंचांग गेलं. अण्णांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त सकाळी पेपर आला की घडी न मोडता मांडीवर घेऊन बसतात.

मे महिन्यात आम्ही त्यांना घेऊन भिलारला गेलो होतो. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मधलं स्ट्रॉबेरीचं हे गाव २०१७ साली 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथं घराघरांतून पुस्तकं मांडलेली असतात. कुठल्याही ओसरीवर बसावं, वाचावं, कोणी उठवत नाही. मी स्ट्रॉबेरीचा भाव काढायला गेलो, हंगाम संपल्याचं कळलं म्हणून परत आलो, तर एका ओसरीवर धाकटी मोठ्यानं वाचत होती आणि अण्णा मान खाली घालून ऐकत होते. मी त्यांचा फोटो काढला आणि म्हटलं, चला, उशीर होतोय.

जुलैपासून रोज रात्री धाकटीचा साताऱ्याला फोन सुरू झाला. दार लावून अर्धा अर्धा तास. एकदा मी ओरडलोसुद्धा, "फोनवर घालवतेस तेवढा वेळ वाचत जा!" ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. रविवारी रात्री नोंदवही पुढे आली की मी सही करायचो. एकदा लग्नाच्या गडबडीत दोन राहिल्या, त्या एकदम करून टाकल्या.

सप्टेंबरात नोंदवहीत लाल शाईचा शेरा आला : 'प्रगती असमाधानकारक. पालकांनी समक्ष भेटावे.' हा मात्र मी वाचला. लाल शाई आमच्याकडेही वाचतात.

बाई वयानं माझ्याहून लहान, बोलायला शांत. त्यांनी आधी 'अपेक्षा' काढून माझी सही दाखवली. मग नोंदवही उघडली.

"सहा आठवडे एकच पुस्तक आहे. बनगरवाडी. आठवड्याला एक अशी अपेक्षा आहे."

"पुस्तक मोठं असेल," मी म्हटलं.

"लहान आहे," बाई म्हणाल्या. "आणि दुसरं असं, की 'आवडलेला प्रसंग' म्हणून तिनं जे लिहिलंय ते पुस्तकात नाही. मी दोनदा शोधलं. ही कादंबरी औंध संस्थानच्या काळातली. एस. टी. सुरू झाली १९४८ साली. मग यात कंडक्टर आला कुठून? प्रत्येक नोंदीखाली तुमची सही आहे, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं."

पडताळणी न करता सही केल्याबद्दल बँकेत मेमो मिळतो. मी खाली मान घालून नोंदवही ओढली आणि वाचायला लागलो.

पहिल्या नोंदीत दिघंचीच्या थांब्यावर एक म्हातारी कोंबडी काखेत मारून गाडीत चढत होती. १९७२ सालचा दुष्काळ. तिला खडी फोडायच्या कामावर पोरीकडे जायचं होतं, जवळ पैसे नव्हते. कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि पैसे स्वतःच्या खिशातून काढून बॅगेत टाकले. त्या महिन्यात असं पुष्कळदा झालं आणि घरी पगार कमी आला तेव्हा त्यानं पाकीट मारलं गेल्याचं सांगितलं. पुढच्या नोंदीत म्हसवडच्या पुढे गाडी बंद पडली होती आणि उतारूंनी कंडक्टरला आपल्यातली सुकडी दिली होती. चौथ्या नोंदीत कंडक्टर आटपाडीला मुक्कामी होता, टपावर झोपला होता, आणि आपल्याला दुसरा मुलगा झाल्याचं त्याला चौथ्या दिवशी कळलं होतं. त्या रात्री त्यानं सगळ्या उतारूंना कंदी पेढे वाटले, उधारीवर.

तो दुसरा मुलगा तिथं बाईंच्या समोर, सातवीच्या बाकावर गुडघे आखडून बसला होता.

पाच नवे शब्द : वेबिल, टप, सुकडी, मुक्काम, रिझर्व्ह. बोध : 'सुट्टे पैसे नेहमी जवळ ठेवावेत.'

धाकटीला बोलावलं. ती म्हणाली, "आजोबा मधे मधे सांगतात ना, म्हणून वेळ लागतो. तो सगळा त्यांच्या रूटवरचाच भाग आहे. आणि शेवटी दुष्काळ यायला लागला की म्हणतात, आता परत पहिल्यापासनं लाव. दोनदा लावलं."

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण मी याची नोंद कशात करू? पुस्तकं सहा व्हायला हवीत, झालंय एक. तेही पूर्ण नाही."

इथं माझी बी. कॉम.ची पदवी उपयोगी पडली. मी म्हटलं, "बाई, हिशेबात ज्या रकमेचा ठाव लागत नाही ती उचंत खात्याला घालतात. सवडीनं वळती करता येते." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल घेतली आणि समासात बारीक अक्षरात 'उचंत' असं लिहिलं. शिवाय लाल शेऱ्याखाली वाढवलं, 'नोंदी वाचनीय.' असमाधानकारक तसंच ठेवलं. खाडाखोड चालत नसावी.

त्या रात्री दार लावायच्या आत मी धाकटीच्या खोलीत जाऊन बसलो. एक परिच्छेद तिनं वाचायचा, एक मी, असं ठरलं. पलीकडे अण्णा. माझी पाळी यायच्या आधी लक्षात आलं की मी तिचं ऐकतच नाहीये. परिच्छेद मोजून माझ्या वाट्याचा घोकतोय. शेचाळिसाव्या वर्षी. मधे एक संवाद आला, धाकटीनं तो माझ्याकडे ढकलला, ताळेबंद चुकला आणि मी जे सुटलो ते पानाच्या तळाशीच थांबलो.

पलीकडून आवाज आला, "कोन, तू हाईस व्हय? अरं, नोटा मोजतूयास का काय? सावकाश."

मी पुन्हा पानाच्या वरून सुरू केलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच अण्णांनी थांबवलं, आणि दिघंचीच्या अलीकडे एक बाभळ होती, तिची गोष्ट सुरू झाली. सध्या आम्ही चाळिसाव्या पानावर आहोत. वहीत नोंद झाली आहे, सही अजून केलेली नाही. तीन पानी प्रसंग आहे, रविवारी बसून वाचायचाय.