घाटातले दिवे मालवून

मृग लागायला दोन-तीन दिवस उरले असताना कोल्हापुरातून निघालं की हळदी-भोगावतीपर्यंत दुतर्फा ऊसच ऊस. राधानगरी जवळ येते तसा ऊस विरळ होत जातो, डोंगर पुढ्यात उभे राहतात आणि बंद काचेआड बसवत नाही. चाळिशीतलं एक जोडपं या वाटेला लागलेलं. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तो बँकेत. तिची नजर सदा खाली, गवतात आणि पाचोळ्यात. त्याची वर, फांद्यांत. एका गाडीत बसून दोघं दोन निराळी जंगलं बघतात.

बेत साधा होता. राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाटानं खाली कोकणात, सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून पुन्हा देशावर आणि आजऱ्यावरून परत.

राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलं आणि गावाला आपल्या लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपोआप उघडतात. पावसाळ्यात पंचगंगेकाठची गावं ‘कितवा दरवाजा उघडला’ या बातमीकडे कान लावून असतात. धरणामागचं जंगल 1958 साली गव्यांसाठी राखलं गेलं. 1985 मध्ये त्याचा विस्तार होऊन ते 351 चौरस किलोमीटरचं झालं आणि 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं.

पहिली रात्र काजव्यांची. मे सरता सरता वळवाच्या सरी पडल्या की इथली झाडं लुकलुकायला लागतात. नर उडता उडता ठरावीक लयीत चमकतो, पानावर बसलेली मादी त्याला प्रकाशानंच उत्तर देते. सगळा संसार असा उजेडाच्या भाषेत जुळायचा, तर तिथं मोटारीचा झोत म्हणजे भर मैफलीत वाजवलेला भोंगा. दोघांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, दिवे बंद केले, मोबाइल खिशात टाकले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला बराच वेळ लागला. मग एका झाडाच्या शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उजेड सरकत गेला, शेजारच्या झाडानं तो उचलला, पुढच्यानं त्याच्याकडून घेतला. त्याला वर बघायला मिळालं, तिला खाली; कारण काजवे गवतातही होते.

गवा दिसला तो सकाळी, दाजीपूरच्या अलीकडच्या वळणावर.

“अरे, थांब, थांब!” ती दबक्या आवाजात म्हणाली. कारवीच्या दाटीतून आधी चार पांढरे मोजे दिसले. गव्याचे पाय गुडघ्याखाली असे पांढुरके असतात, वरचा देह काळाभोर, खांद्यापासून पाठीवर उतरलेला मांसल उंचवटा. वयात आलेला नर आठशे किलोंच्या घरात सहज जातो, काही त्याहून भारी. एवढं धूड, पण पाचोळ्यावर पावलाचा आवाज नाही. मागोमाग तपकिरी माद्या आल्या, त्यांच्या पोटाशी एक फिकट सोनेरी वासरू. नरानं मान उंचावून वारा हुंगला, नाकातून फुस्स केलं. नवऱ्यानं इंजिन आधीच बंद केलं होतं. कळप रस्ता ओलांडून जाईपर्यंत मागच्या जीपवाल्यानंही हॉर्न दिला नाही, हे आवर्जून सांगायला हवं.

फोंडा घाट उतरला, घामानं अंग चिकट झालं, कणकवलीत जेवणानंतर सोलकढी झाली. कोकण एवढ्यात उरकणं अन्यायाचंच आहे, पण ओढ आंबोलीची होती.

आंबोली समुद्रसपाटीपासून जेमतेम सातशे मीटरवर आहे आणि वर्षाला तिथं सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या पावसावर इथं एक अख्खं लहानखुरं जग जगतं. ते गाडीतून दिसत नाही. त्यासाठी गमबूट चढवून, गावातल्या जाणत्या पोराला सोबत घेऊन, बॅटरीच्या उजेडात पाऊल मोजत चालावं लागतं. इथलं राज्य तिचं. तो मागून छत्री धरून.

जांभ्याच्या सड्यावर, बोटभर पाणी साचलेल्या खळग्यात, तिला हवा असलेला जीव बसला होता. अंगठ्याएवढा, कुशीवर पिवळे पट्टे असलेला आंबोलीचा भेक. 2009 साली शास्त्रज्ञांनी त्याला नवी प्रजाती म्हणून नाव दिलं, ते वाघावरून. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पहिल्या पावसाबरोबर हे भेक थोड्याच दिवसांत विणीचा सगळा कार्यभाग उरकतात. पिल्लांना पाय फुटण्याआधी पाऊस रुसला तर खळगा आटतो आणि पिढी संपते. त्यातून निभावलं तरी जवळच डांबरी रस्ता आहेच, आणि रात्री घाट चढणाऱ्या गाडीला अंगठ्याएवढा भेक दिसत नाही.

पुढे पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकत होता. मलबारी उडत्या बेडकीनं मागच्या पायांनी घुसळून केलेलं घरटं ते. वरचा फेस वाळून पापुद्रा धरलेला, आत अंडी ओली. पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती टपाटप खालच्या पाण्यात पडतात. सोबतच्या पोरानं बॅटरी जराशी वळवली; दोन हातांवर हिरवा चापडा साप वेटोळं घालून निवांत बसला होता. विषारी, पण डिवचल्याखेरीज जागचा न हलणारा. तिनं वाकून पाहिलं, नवऱ्यानं तिचा दंड धरून ठेवला.

सकाळी हिरण्यकेशी. गुहेतल्या महादेवापासून निघणारी ही नदी, अरबी समुद्र इतका जवळ असून, पूर्वेला वळते. घटप्रभा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळते. इथल्या कुंडातल्या छोट्याशा माशाची 2020 मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी ही जागा जैवविविधता वारसास्थळ ठरली. देवाच्या पाण्यात मासे धरायचे नाहीत, हा दंडक इथं कायद्याच्या कितीतरी आधीपासून पाळला जातोय.

आजऱ्याचा रस्ता धरायचा तो चांगलं उजाडल्यावरच, हे तिनं रात्री सड्यावरच सांगून टाकलं होतं. तरी नांगरतासपर्यंत गाडी तिसऱ्या गिअरच्या वर गेली नाही. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेतला. पुढच्या खेपेची बोलणी तिथूनच सुरू झाली. त्याला डिसेंबरात दाजीपूरला यायचंय, शेकरू बघायला. तिला सप्टेंबरात, सडे ‘सीतेची आसवं’ या फुलांनी निळे होतात तेव्हा. गडहिंग्लज आलं तरी महिना ठरला नव्हता.