रोज एकच अक्षर

दर जानेवारीला आमच्या नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरतो. कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस करा, तिची सवय होते. पाठवणारा बहुतेक पुण्याचा नाहीतर बंगळुरूचा एखादा भाचा असतो. आठवडाभर पहाटे पळण्याचे फोटो येतात. मग संक्रांतीचा तिळगूळ येतो आणि पळणं थांबतं. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "मामी, मोटिव्हेशनच राहिलं नाही."

या २१ दिवसांची गोष्ट मजेशीर आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली एका पुस्तकात लिहिलं होतं की, शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात. पुढे माणसं सांगत गेली तसा त्यातला 'किमान' गळाला, चेहराही गळाला आणि आकडा तेवढा उरला. नंतर लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक छोटी गोष्ट रोज करायला लावली आणि नोंदी ठेवल्या. तो अभ्यास २०१० साली छापून आला. गोष्ट अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला. मधला आकडा होता ६६. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की, एखाद्या दिवसाच्या खाड्याने फारसं काही बिघडत नाही, असंही त्यांना दिसलं.

हे सगळं माझ्या मुलीने मला अलीकडे वाचून दाखवलं. तोवर माझा स्वतःचा हिशोब झालेला होता.

माझं माहेर उमरगा तालुक्यातलं. २००९ साली लग्न होऊन मी खजुरीला आले. खजुरी कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यात आहे, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ. माती तीच काळी, पिकं तीच, ज्वारी आणि तूर. वेळ अमावस्येला शेतात तीच भज्जी नि तीच आंबील. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि गुलबर्गा, बिदर, रायचूर म्हैसूर राज्यात. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी बोलत नाही. सून म्हणून आलेल्या बाईला त्या सीमेचा अर्थ फार साधा असतो: पाट्या वाचता येत नाहीत.

बोलायला मी वर्ष-दीड वर्षात शिकले. दुकानात, शेतात, शेजारी, कानडी कानावर पडतंच. पण रेशन कार्ड, बँकेतली सूचना, मुलीच्या शाळेची डायरी, बसची पाटी, सगळं दुसऱ्याच्या डोळ्यांनी. "काय लिहिलंय हो?" हे वाक्य मी दिवसातून चार वेळा म्हणायची. माणसं वाचून दाखवायची, नाही म्हणायची नाहीत. पण घाईत असलेला माणूस अर्धंच सांगतो. उरलेल्या अर्ध्यात काय असेल, हे मनात राहायचं.

शिकायची इच्छा होती. कानडी अंकलिपी कपाटावर होती. नव्हता तो रिकामा तास. शेतकऱ्याच्या घरात रिकामा तास कुणी हातात आणून देत नाही.

२०१८च्या जूनमध्ये मुलगी दुसरीत होती. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरीला 'नलि-कलि' पद्धत आहे. कार्डं, चित्रं, गाणी घेऊन मुलं आपल्या गतीने शिकतात. त्यामुळे ती घरी येऊन सतत कुणाला तरी शिकवत असायची. एका संध्याकाळी मी भाकरीसाठी परातीत ज्वारीचं पीठ काढलं होतं. तिने हाताने पीठ सपाट केलं, बोटाने त्यात एक अक्षर काढलं आणि म्हणाली, "आई, हा 'अ'. तू काढ. मग पाणी घाल."

मी काढला. पुसला. पाणी घातलं. भाकरी थापली.

दुसऱ्या दिवशी 'आ'. आमचं ठरलं ते एवढंच. पीठ परातीत आलं की पाण्याआधी एक अक्षर. वही नाही, पेन नाही, वेळ काढायचा नाही. अर्धा मिनिटही लागत नव्हता. आणि यात मोठी सोय अशी होती की, भाकरी करायची की नाही हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारत नाही. थकलेली असो, रागावलेली असो, डोकं दुखत असो, पीठ परातीत येणारच. पीठ आलं की बोट आपोआप जायचं. उत्साह आहे का हे तपासायला मध्ये जागाच नव्हती. उत्साह यायचा, पण नंतर, भाकरी तव्यावर असताना. आज एक आलं, याचा.

आमच्या मामंजींना हे कळलं तेव्हा ते ऐंशीचे होते. निजामाच्या राज्यातलं शिक्षण त्यांचं, चौथीपर्यंत आणि उर्दूत. छप्पननंतर कानडी वाचायला ते चहाच्या हॉटेलात, पेपरच्या मथळ्यांवरून शिकले होते. जेवायला बसले की विचारायचे, "आज कुठलं?" मी सांगायची. ते मान हलवून भाकरी मोडायचे. शाबासकी नाही, सल्ला नाही. पण तो प्रश्न येणार हे माहीत असल्याने मी दोन-तीनदा तरी परातीकडे परत वळले आहे.

घरात कुणी हसलं नाही, हे माझं नशीब. रमाबाई रानडे यांचं लग्न १८७३ साली झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना घरीच शिकवायला सुरुवात केली. घरातल्या बायकांना ते अजिबात पसंत नव्हतं. त्या बोलण्यांतून, टोमण्यांतून त्यांचा रोजचा धडा चालू राहिला. त्या अक्षरांचं पुढे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक झालं, १९१० साली. मुलींनो, ते वाचाच. मोठेपणाच्या गोष्टींपेक्षा त्यातले रोजच्या अभ्यासाचे तपशील मला अधिक जवळचे वाटले.

मराठी येणाऱ्याला कानडी मुळाक्षरं परकी वाटत नाहीत. क्रम तोच, क ख ग घ. मुळाक्षरं ४९. बाराखडीला ते 'कागुणित' म्हणतात. अडचण दोन ठिकाणी आली. एक म्हणजे त्यांच्याकडे ए आणि ओ दोन-दोन आहेत, आखूड आणि लांब. केरे म्हणजे तळं आणि केरी म्हणजे गल्ली. पहिल्यातला 'के' आखूड, दुसऱ्यातला लांब, आणि लिहायला दोन्ही वेगळे. मी दोन्ही सारखंच म्हणायची आणि मुलगी लोळून हसायची. दुसरी अडचण जोडाक्षरांची. आपण अक्षर अर्धं करून शेजारी जोडतो, ते पहिलं पूर्ण लिहून दुसरं त्याच्या खाली लटकवतात. या लटकणाऱ्या अक्षरांना 'ओत्तक्षर' म्हणतात आणि बरीचशी मूळ अक्षरासारखी दिसतही नाहीत. त्यांनीच मला जास्त दिवस घेतले.

खाडे पडलेच. तुरीच्या राशीच्या दिवसांत पडले, माहेरी गेले तेव्हा पडले, आजारपणात पडले. परत आले की पीठ होतंच. खाड्याबद्दल काही करावं लागत नाही, नुसतं दुसऱ्या दिवशी पीठ काढायचं.

खरा मोह वेगळाच होता. महिनाभरात गोडी लागली तेव्हा वाटलं, आता एका दिवशी पाच-पाच अक्षरं का नकोत? मामंजींनी तेव्हा आयदक्की मारय्याची गोष्ट सांगितली. बसवकल्याणला, म्हणजे आपल्या बिदर जिल्ह्यातच, बाराव्या शतकातल्या शरणांमध्ये हे जोडपं होतं, मारय्या आणि लक्कम्मा. सांडलेले तांदूळ वेचून आणायचे, त्यावर घर आणि दासोह चालवायचा, हा त्यांचा कायक. आयद अक्की म्हणजे वेचलेले तांदूळ. एके दिवशी मारय्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्माने ते घरात घेतले नाहीत. जास्तीचे जिथले तिथे टाकून या, म्हणून त्याला परत पाठवलं. लक्कम्माची स्वतःची वचनंही आहेत. शरण मंडळींत तिचा शब्द वजनदार होता.

गोष्ट लोभाबद्दल आहे हे मला कळतं. पण मी ती माझ्या परातीपुरती घेतली. निदान इतकं तरी करा, असं सगळे सांगतात. याच्या वर जाऊ नका, असं कुणी सांगत नाही. भाचा पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळतो. सहाव्या दिवशी पाय दुखतात, आणि मग त्याच्या मनात पळणं म्हणजे पाच किलोमीटरच, एक पळायला लाज वाटते. मी पाच अक्षरांच्या दिवशीही एकच काढलं. उरलेली हाव दुसऱ्या दिवशी मला परातीपर्यंत घेऊन यायची.

पहिली पाटी मी वाचली ती बसची. आळंद. चार खुणा: आ, ळ, अनुस्वार, द. गाडी रोजच्याच थांब्यावर उभी होती, कुठे जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, वाचायची काहीच गरज नव्हती. तरी मी ती पुन्हा पुन्हा वाचली. त्यानंतर 'अंगडी' हा शब्द सगळीकडे दिसायला लागला. अंगडी म्हणजे दुकान. वर्षानुवर्षं त्या पाट्यांखालून गेले होते.

याच दिवसांत मुलीनेच उलटा व्यवहार मांडला. तिला मराठी बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. आजीकडून उमरग्याहून आलेली गोष्टींची पुस्तकं ती चित्रांवरून पाहायची. मग परातीत दोन अक्षरं व्हायला लागली, आधी तिचं कानडी, मग माझं देवनागरी. तुमच्यापैकी ज्यांची मुलं बंगळुरूला, हैदराबादला किंवा त्याहून लांब वाढतायत, त्यांना मी हे मुद्दाम सांगते. आमच्या मुलीला मराठी वाचायला बसवलं असतं तर ती बसली नसती. ती शिकली, कारण ती त्याच वेळी मला शिकवत होती.

२०२१मध्ये मामंजी गेले. जेवताना 'आज कुठलं?' विचारणारं कुणी राहिलं नाही. पंधरा-वीस दिवस परातीत काहीच उमटलं नाही. मग एका संध्याकाळी मुलीने, बहुतेक नकळत, ताटावर बसता बसता तोच प्रश्न विचारला, त्यांच्याच सुरात. आत्याबाई उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी पीठ सपाट केलं.

पुढच्या वर्षी जमिनीला वारसांची नावं लावायची होती. महाराष्ट्रात सातबारा असतो, तशी आमच्याकडे पहाणी. नवरा कामासाठी बाहेरगावी होता, म्हणून आत्याबाईंना घेऊन मी गेले. टेबलावर कागद आला, खालच्या बाजूला अंगठ्याची जागा. सहीला घाई होती, मागे रांग होती. पूर्वीची मी विचारलं असतं, काय लिहिलंय हो, आणि उत्तर आलं असतं, बरोबर आहे, करा. या वेळी मी बोट ठेवून वाचत गेले, हळूहळू, मागच्यांचे उसासे ऐकत. आत्याबाईंच्या नावातल्या जोडाक्षराखालचं ओत्तक्षर गळालं होतं. नाव वाचलं तर भलत्याच बाईचं होत होतं. मी दाखवलं. समोरच्याने कागद जवळ घेतला, पाहिलं आणि काही न बोलता दुरुस्त करून दिलं.

बाहेर आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "तुला दिसलं कसं?" मी म्हटलं, "ते मी परातीत लई दिवस काढलंय, आत्याबाई."

आता मुलगी मोठी झाली आहे. मराठी कादंबऱ्या माझ्यापेक्षा भराभर वाचते आणि मला २१ दिवसांच्या अभ्यासातल्या चुका दाखवते. मी कानडी पेपर वाचते, संथपणे, अजूनही ओठ हलवत. मामंजींच्या ट्रंकेत मात्र एक जाड वही निघाली आहे. कुठल्या साली किती पाऊस, काय पेरलं, कुणाला किती उसने दिले, असं ते त्यात लिहायचे, हे आत्याबाईंना माहीत आहे. पण वही उर्दूत आहे आणि घरात ती कुणालाच वाचता येत नाही. गल्लीत एक निवृत्त उर्दू शिक्षक आहेत. त्यांच्याकडून मुलगी रोज एक अक्षर कागदावर आणते आणि मी ते परातीत काढते. उजवीकडून डावीकडे बोट न्यायचं म्हणजे मनगट जरा अवघडतं. काल 'जीम' झाला.