यादी खिशातच राहिली

२०२३ सालचा जुलै. पुण्याच्या मंडईबाहेर मेट्रोच्या कामाचे पत्रे, पायाखाली चिखल, आणि माझ्या हातात बायकोने करून दिलेली यादी. पहिलीच ओळ होती, ‘टोमॅटो एक किलो’. भाव विचारला.

“एकशेवीस,” मावशी म्हणाल्या. मी परत विचारलं तर म्हणाल्या, “उद्या याल तर जास्तच सांगीन.”

त्याच वर्षी उन्हाळ्यात नाशिककडे भाव मिळेना म्हणून शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले होते. ती बातमी मी तेव्हा चहाबरोबर वाचून सोडून दिली होती. जूनमध्ये ऑफिसने माझा विभाग बंद केला आणि घर एका पगारावर आलं, तेव्हा भाजीचे भाव मला पहिल्यांदा दिसायला लागले. बायको कामावरून आठला परतायची, त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आला. जुना हिशेब काढून बघितला. भाजी, पनीर आणि ‘आज कंटाळा आलाय’ म्हणून मागवलेलं जेवण, मिळून महिन्याला ९,००० रुपये. भाजी यायची मोबाइलवरून. रविवारी पदार्थ ठरवायचे, त्याप्रमाणे मागवायचं, आणि पुढच्या रविवारी अर्धी कोथिंबीर चिखल होऊन फेकायची.

मावशींनी माझी यादी मागितली. वाचता येत नव्हतं की चष्मा नव्हता, कोण जाणे, मला म्हणाल्या, “वाचा.” मी वाचली. टोमॅटो, पालक, ढोबळी मिरची, फ्लॉवर.

“दादा, पावसाळ्यात पालक भिजून सडतो, म्हणून म्हाग. आधी ठरवून कशापायी येता? हितं यायचं, काय उतरलंय ते बघायचं, मग घरी जाऊन काय ते करायचं.”

त्या दिवशी उतरले होते दोडके. अर्धा किलो घेतले. वर कढीपत्त्याच्या चार काड्या पिशवीत पडल्या. मी निघालो तर मागून आवाज आला, “शिरा फेकू नगा!”

दोडक्याच्या शिरांची चटणी मी लहानपणी खाल्ली होती, केली कधीच नव्हती. सुरीने शिरा काढल्या, बारीक चिरल्या आणि चमचाभर तेलात मंद आचेवर परतत बसलो. आधी त्या मऊ पडतात, पाणी सोडतात, आणि आपण फसलो असं वाटतं. धीर धरला की दहा-बारा मिनिटांनी कडा तपकिरी होऊन त्या कढईत वाजायला लागतात. मग तीळ, भाजलेलं दाण्याचं कूट, लसूण, तिखट, मीठ. दोडक्यात मुगाची डाळ घालून भाजी केली, सोबत भाकरी. भाकरी ओबडधोबड होती, पण चटणी आधी संपली. जी वस्तू मी सालं म्हणून टोपलीत टाकत होतो, तिच्यावरून दोन मुलांची भांडणं झाली.

पुढचे दोन महिने आमच्याकडे टोमॅटो जवळजवळ आला नाही. आमटीत आमसूल आणि गूळ, पालेभाजी मिळाली तर ताक लावून पातळ, उसळीला चिंचेचा कोळ. टोमॅटो नसला तर स्वयंपाक अडेल असं मला वाटत होतं. आजीच्या अर्ध्या पदार्थांत तो नव्हताच, हे तेव्हा आठवलं. तूरडाळही त्या वर्षी दीडशेच्या घरात गेली होती. म्हणून दोन दिवस मसूर, एक दिवस हुलग्याचं पिठलं, एक दिवस मोडाची मटकी. पाव किलो मटकीला मोड आले की पातेलं भरतं. चौघांचं जेवण होऊन सकाळच्या डब्यापुरती उरते. ते भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्षही होतं. मोठ्या दुकानांत ज्वारीची बिस्किटं चकचकीत पाकिटांत मांडलेली असायची; मी ज्वारी दळून आणत होतो.

सगळंच जमलं असं नाही. एका संध्याकाळी उठत्या बाजाराला कोबी मातीमोल मिळाला. तीन गड्डे उचलले. पहिल्या दिवशी भाजी, दुसऱ्या दिवशी कोबीच्या वड्या, तिसऱ्या दिवशी थालीपीठ. चौथ्या दिवशी मुलीने ताट सरकवलं आणि शेवटचा गड्डा फ्रिजमध्ये काळा पडला. फेकताना कळलं की घरात आलेली सगळ्यात महाग भाजी ती होती. स्वस्ताई भावात असते, बचत पोटात गेलेल्या घासात.

पावसाची सर आली की मी आतल्या गाळ्यांकडे पळायचो. वर तो अष्टकोनी मनोरा. ही इमारत १८८६ साली उघडली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती रे मार्केट होती. नगरपालिकेत सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने मंडईला फुल्यांचंच नाव दिलं गेलं. पैसा कुठे जातोय हे विचारणाऱ्या माणसाच्या नावाखाली उभं राहून मी पिशवीतल्या चिल्लरीचा हिशेब करायचो, आणि मला त्याचं फारसं ओशाळं वाटेनासं झालं.

ऑगस्टचा हिशेब मांडला. भाजी, कडधान्य, दळण धरून ४,२०० रुपये. बाहेरचं जेवण एकदाच, मुलाच्या वाढदिवसाला. घासाघीस मला शेवटपर्यंत जमली नाही, आणि खरं तर फारशी लागलीही नाही. भावात दोन-पाच रुपये सुटतात. यादी सुटली की त्याहून कितीतरी जास्त.

सप्टेंबरात टोमॅटो उतरला. मावशींपुढे लाल ढीग आणि भोवती गर्दी. लोक तीन-तीन किलो भरून नेत होते.

“अर्धा किलो,” मी म्हणालो.

“घ्या की दोन किलो. आता तर स्वस्तंय.”

“स्वस्तंय म्हणूनच अर्धा. कोबी आठवतोय.”

मावशी हसल्या, अर्धा किलो तोलला, आणि बाजूच्या पाटीकडे बोट केलं. “मग दोडकं बघा. आज कवळं हाय. शिरा मातुर कमी निघतील.”