न्हाणीघर आवरताना

'आवरणे' हे मराठीतले मोठे गमतीचे क्रियापद आहे. आपण घर आवरतो, पसारा आवरतो, राग आवरतो आणि रडूही आवरतो. सकाळच्या वेळी कुणी 'आवरलं का?' असे विचारले, तर त्याचा अर्थ बहुधा 'आंघोळ झाली का?' एवढाच असतो. गेल्या उन्हाळ्यात आईच्या घरचे न्हाणीघर आवरायला घेतले तेव्हा हे सगळे अर्थ चार बाय सहा फुटांच्या त्या जागेत एकदम भेटतील, असे मला वाटले नव्हते.

निमित्त आईच्या पडण्याचे. आई पंचाहत्तरीची आहे. बाबा गेल्यापासून कोथरूडच्या जुन्या घरात एकटी राहते. एका सकाळी भरलेली बादली उचलून पिंपात ओतताना तिचा पाय सरकला आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. दाराला आतून कडी होती. दार आत उघडणारे, आणि आई नेमकी दाराला टेकून पडलेली. शेजारच्या काकू बाहेरून हाका मारीत होत्या. पण कडी निघाली असती तरी दार ढकलता आले नसते. शेवटी आईच खुरडत बाजूला झाली आणि डाव्या हाताने तिने कडी काढली. ह्या सगळ्याला अर्धा तास लागला. मला फोन आला तो त्यानंतर.

प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "हाड सहा आठवड्यांत जुळेल. तेवढ्या वेळात तुम्ही बाथरूम मोकळं करा. ह्या वेळी मनगटावर भागलं, पुढच्या वेळी खुब्यावर येईल." हे त्यांनी आईकडे न पाहता मला सांगितले. आईच्या ते लक्षात आले. रिक्षात बसल्यावर ती एवढेच म्हणाली, "बाथरूम माझं आहे."

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून, म्हणजे खरे तर ओढणी कमरेला बांधून, कामाला लागले. मराठीत पसारा आणि अडगळ ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वापरातल्या वस्तू जागेवर नसल्या की तो पसारा. वापरात नसलेल्या वस्तूंनी जागा धरून ठेवली की ती अडगळ. नेमाड्यांनी २०१० साली आपल्या 'हिंदू'च्या उपशीर्षकात अडगळीला 'समृद्ध' हे विशेषण लावले, तेव्हापासून आपल्याकडच्या साहित्यिक मंडळींना तिचा थोडा अभिमानही वाटू लागला आहे. पण आईच्या न्हाणीघरात मला पसाराही दिसेना आणि अडगळही दिसेना. तिथली जवळजवळ प्रत्येक वस्तू वापरात होती आणि आपापल्या जागी होती. खरी अडचण तीच होती.

मी मोजदाद केली. साठ-साठ लिटरची दोन पिंपे, पंधरा लिटरच्या पाच बादल्या, तेवढ्याच मापाचे दोन पितळी हंडे. सगळे काठोकाठ भरलेले. वरच्या माळ्यावर तांब्याचा बंब, त्याच्या पोटात घंगाळे. कोनाड्यात वज्री, शिकेकाईचा डबा, आणि दिवाळीपासून जपून ठेवलेली साबणाची अर्धी वडी. बेरीज केली तर पाणी भरले सव्वादोनशे लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे आपल्याकडचे सरकारी मानक आहे. आई एकटी आहे, आणि तिच्या इमारतीला वर आणि खाली टाक्या असल्यामुळे नळाला दिवसभर पाणी असते.

ह्यातही गंमत अशी, की हे पाणी दुसऱ्या दिवशी 'शिळे' होते. मग ते फरशीला, कुंड्यांना, काही वेळा नुसतेच मोरीत जाते, आणि रोज सकाळी सहाच्या सुमारास सगळी भांडी पुन्हा भरली जातात. पिंप नळाखाली जात नाही, म्हणून बादली भरायची, उचलायची आणि ओतायची. पंधरा लिटर म्हणजे पंधरा किलो. दोन पिंपांच्या आठ खेपा. गेली कित्येक वर्षे ही बाई भल्या पहाटे ओल्या फरशीवर उभी राहून सव्वाशे किलो वजन उचलीत होती, आणि आम्ही मुले 'आईला पाणी भरायची सवय आहे' असे म्हणून सोडून देत होतो.

ह्या सवयीचा उगम शोधायला फार लांब जावे लागत नाही. आई लातूरची. तिच्या माहेरच्या वाड्यात आड होता. १९७२ च्या दुष्काळाबद्दल ती सांगते, "तेव्हा धान्य नव्हतं, पण आडाला पाणी होतं." चौऱ्याहत्तरला लग्न होऊन ती पुण्यात आली, ती अशा सासूच्या हाताखाली जिने १२ जुलै १९६१ चा पूर पाहिला होता. पानशेत फुटले, त्यामागोमाग खडकवासला फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. आजीच्या आठवणीत मात्र पुरापेक्षा त्यानंतरचे दिवस अधिक होते. धरणच वाहून गेले, म्हणून शहराचे नळ कोरडे पडले. ज्या विहिरींकडे कुणी बघत नव्हते त्यांवर पुन्हा रांगा लागल्या. आजी म्हणे, "पाण्यानं घर नेलं आणि मग प्यायला पाणी ठेवलं नाही." सुनेला पहिल्या आठवड्यात तिने जो धडा दिला तो स्वयंपाकाचा नव्हता, निजण्यापूर्वी भांडी भरलेली आहेत की नाहीत हे पाहण्याचा होता.

आणि हे सगळे जुने झाले असे वाटू लागले तोवर २०१६ उजाडले. मांजरा धरण आटले. लातूरच्या पाण्याच्या टाक्यांभोवती त्या मार्चमध्ये जमावबंदीचा हुकूम लागू झाला, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. माझा मामा तिथेच राहतो. टीव्हीवर लोक गाडीचे स्वागत करीत होते, आणि आई बोटांवर हिशेब करीत होती. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर होती. "माणशी सव्वा तांब्या," ती म्हणाली आणि उठून न्हाणीघरात गेली. पाचवी बादली त्या आठवड्यात घरात आली, हे मला आत्ता आवरताना कळले.

आवरण्याचे आजकाल शास्त्र झाले आहे. मारी कोंदो ह्या जपानी लेखिकेचे पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आले आणि जगभर गाजले. वस्तू हातात घ्यावी, तिने मनात आनंद उमटतो का ते पाहावे. उमटत असेल तर ठेवावी, नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यावा, अशी त्यांची रीत आहे. माझ्या घरी मी ती वापरली होती आणि मला तिचा उपयोगही झाला होता. त्या भरवशावर मी हिरवी बादली उचलली आणि आईला विचारले, "हिच्याकडे बघून तुला आनंद होतो?"

आईने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी अजून शाळेत असते तर पुढे एक धपाटा आला असता. "बादलीकडे बघून कुणाला आनंद होतो गं? धीर येतो."

त्या एका शब्दापुढे माझी रीत थांबली. आपण ज्या वस्तूंनी घर भरतो त्यांतल्या फार थोड्या आनंदासाठी असतात. पुष्कळशा धीरासाठी असतात. डॉक्टरांनी बंद केलेल्या गोळ्या, जुन्या बिलांचा गठ्ठा, सुतळीची गुंडाळी, लग्नात आलेला जास्तीचा कुकर. 'लागेल कधी तरी' हे त्यांचे समर्थन आपल्याला हास्यास्पद वाटते, कारण ज्या दिवशी ते लागले होते तो दिवस आपण पाहिलेला नसतो. माझ्या न्हाणीघरात एकही बादली भरलेली नसते. तिथे शांपू, लेप आणि तेले ह्यांच्या अकरा अर्धवट बाटल्या असतात. प्रत्येक बाटलीने काही ना काही वचन दिले होते आणि ते पाळले नव्हते. म्हणजे माझा पसारा आशेचा होता, आईचा भीतीचा. ह्यांत शहाणे कोण, हे मला सांगता येणार नाही. तिची भीती निदान तीनदा खरी ठरली होती.

तरीही मी ते सगळे काढले. हे सांगणे आवश्यक आहे, कारण अशा लेखांत शेवटी लेखक विरघळतो आणि वस्तू जागेवर राहतात. इथे मनगट मोडले होते. दोन्ही पिंपे बाहेर गेली, चार बादल्या भंगारवाल्याला गेल्या. हंडे स्वयंपाकघरात गेले. सुताराने दार बाहेर उघडणारे करून दिले आणि बाहेरूनही नाण्याने फिरवता येईल अशी कडी बसवली. भिंतीत पक्के ठोकलेले दोन दांडे लावले, एक नळाशी, एक कमोडशी. टॉवेलच्या दांडीला धरून उठण्याची आईला सवय होती. ती दांडी हाताने हलवली तर प्लगासकट बाहेर आली. बसून आंघोळ करायला रबरी पायांचे स्टूल आणले. पिवळा मिणमिणता दिवा काढून पांढरा लावला. पिंपांमागे एक खिडकी आहे, हे तेव्हा नव्याने दिसले.

बंबापाशी मात्र तासभर गेला. तो आजीचा. मधल्या नळीत गोवऱ्या आणि नारळाच्या करवंट्या घालून पेटवायचा, भोवतीच्या पोटात पाणी तापायचे. दिवाळीच्या पहाटे त्याच्या धुराने डोळे चुरचुरायचे आणि त्यातच उटण्याचा वास मिसळायचा. गॅस आल्यावर तो माळ्यावर चढला तो उतरलाच नाही. मी म्हटले, कसब्यातल्या तांबट आळीत विचारू, मोडीत चांगले पैसे येतील. आई म्हणाली, "विचार." तिने हे इतक्या सहज म्हटले, की मीच गप्प झाले. बंब जपावासा वाटत होता तो मला, तिला नव्हे. तिने त्याच्या राखेने हात काळे केले होते. तो आता माझ्या घरी आहे, आणि त्याची अडगळ झाली आहे.

शेवटी कोनाड्याच्या मागच्या बाजूला बाबांचा दाढीचा डबा निघाला. ब्रश, कागदात गुंडाळलेले पाते आणि गुळगुळीत झालेला तुरटीचा खडा. मला वाटले, इथे आई थांबेल. तिने डबा उघडला, पाते कागदासकट काळजीपूर्वक बाजूला काढले, ब्रश कचऱ्यात टाकला आणि तुरटी हातात ठेवली.

"ही राहू दे. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की हीच फिरवायचे. तुझे बाबा म्हणायचे, माझी तुरटी कुठे गेली?"

तुरटी पाण्यात फिरवली की तरंगणारा बारीक गाळ एकमेकांना चिकटतो, जड होतो आणि तळाशी बसतो. वर पाणी नितळ राहते. एकाच खड्याने बाबा दाढी करीत आणि आई पाणी निवळी. इतकी वर्षे हा खडा त्या दोघांमध्ये ये-जा करीत होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. मी तोंड फिरवून फरशी घासू लागले. 'आवरणे'चा तो दुसरा अर्थ मला तेव्हा उपयोगी पडला.

आवरून झाल्यावर आई दारात उभी राहिली. "छान झालंय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "परक्याच्या घरी आल्यासारखं वाटतंय."

दोन आठवड्यांनी मी केर काढायला दिवाणाखाली झाडू घातला आणि तो कशाला तरी अडला. ओणवून पाहिले, तर लिटर-लिटरच्या बाटल्या. एकूण चौदा, सगळ्या भरलेल्या. प्लास्टरमधल्या हाताने तिला झाकण धरता येत नव्हते. तिने ती डाव्या हाताने आणि बहुधा दातांनी बंद केली असावीत. मी तिच्याकडे पाहिले. ती वर्तमानपत्र वाचत होती, पान न उलटता.

मी रागावले नाही. रागावण्यासारखे असेल तर ते माझ्यावरच होते. मी तिच्या वस्तू काढल्या होत्या, पण त्यांनी जे काम केले होते त्याची काही व्यवस्था लावली नव्हती. त्याच संध्याकाळी गच्चीत ठेवलेले पिंप मी धुतले. नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून त्याला खालच्या बाजूला तोटी बसवून घेतली, चार विटांवर ते स्वयंपाकघराबाहेरच्या बाल्कनीत ठेवले आणि नळापासून एक नळी आणून त्यात सोडली. आता काही उचलावे लागत नाही. झाकण लावलेले असते, आणि शिळे पाणी चार दिवसांनी काढायचे असा तह झाला आहे. आई तो पाळते असे मला वाटत नाही.

प्लास्टर निघून आता बरेच महिने झाले. मुक्कामाला गेले, की रात्री दिवे मालवण्यापूर्वी बाल्कनीतून टकटक ऐकू येते. आई बोटाच्या पेराने पिंपावर वरून खाली ठोके देत जाते. रिकाम्या जागी आवाज पोकळ येतो, पाण्यापाशी आला की बद्द होतो. तो बद्द आवाज वरच्या कडेलाच मिळाला की ती झोपायला जाते. एकदा ती लवकर झोपली होती, तेव्हा मी जाऊन ठोकून पाहिले. पिंप भरलेले होते.