कोराडीत भेटलेले भासरे

नागपूरहून उत्तरेकडे पंधराएक किलोमीटर गेले की कोराडी येते. गावाआधी दिसतात त्या औष्णिक वीजकेंद्राच्या उत्तुंग चिमण्या. केंद्र १९७४ साली सुरू झाले. देवी त्याच्या कितीतरी आधीची. इथली महालक्ष्मी जगदंबा सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी वृद्धा दिसते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

माझी पुतणी पुण्याची. गेल्या वर्षी नागपूरच्या घरी दिली. तिच्या सासरच्या गोतावळ्याबरोबर मीही दर्शनाला गेलो होतो. रांगेत तिच्या मामेसासूबाई हळूच म्हणाल्या, “भासरे येऊन राहिले ना वं, पदर घे डोक्यावर!” भासरे म्हणजे देवस्थानचे कुणी पुजारी असावेत, असे समजून पोरीने चक्क हात जोडले. आले ते तिचे थोरले दीर, नारळांची पिशवी सावरीत!

आम्हा पुणेकरांना नवऱ्याचा भाऊ थोरला असो की धाकटा, ‘दीर’ एवढा एक शब्द पुरतो. इकडे धाकटा तो दीर आणि थोरला तो भासरा. मूळ संस्कृत ‘भ्रातृश्वशुर’, म्हणजे सासऱ्याच्या जागी असलेला भाऊ. बंगालीत त्याचाच ‘भाशुर’ झाला. दिराची थट्टा करावी, भासऱ्यापुढे आवाजही चढवू नये. पदराचा हा जाच गेला तर मला दुःख नाही. पण त्याच्याबरोबर असा नेमका शब्दही जावा, हे भाषेच्या मास्तराला कसे सोसावे?

आणि हा हिशेब काही आपल्याच सुनांच्या वाट्याला आलेला नाही. दक्षिण चीनमधल्या कँटनी भाषेत थोरला दीर ‘दाय बाक’, धाकटा ‘सुक चाय’. ‘बाक’ म्हणजे थोरला काका, ‘सुक’ म्हणजे धाकटा. म्हणजे ती सून आपल्या मुलांच्या तोंडची नाती उचलते! आपली सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणते, ते मात्र माहेरचे नाते. मामाची मुलगी करण्याची चाल होती तिथे सासू खरोखरच आत्या असे. बायकोच्या आईबापांना मात्र कँटनीत ‘बाहेरचे’ वडील नि ‘बाहेरची’ आई म्हणतात. आपल्याकडे दिवाळसणाला जाणाऱ्या जावयाने असे म्हणून तर पाहावे!

दर्शन झाल्यावर झाडाखाली रोडगे नि वांग्याच्या भाजीचा बेत होता. भासरे स्वतःच म्हणाले, “मला दादा म्हण. पदर-बिदर राहू दे.” मामेसासूबाईंचा चेहरा उतरला. पुतणीने दोघांकडे पाहिले आणि म्हणाली, “भासरेदादा, भाजी वाढू?”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण तुपाची वाटी त्यांनी आधी तिच्याच पानाकडे सरकवली.